वेढ्यातलं कृष्णविवर

रॉय केर यांनी १९६३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या जेमतेम दीड पानात एका फिरत्या कृष्णविवराचं गणिती उत्तर मांडलं. त्या उत्तरातल्या विश्वात कृष्णविवराखेरीज काहीही नाही. वायू नाही, धूळ नाही, शेजारी तारा नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांत एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता असते आणि दुसऱ्या बाजूला ती वक्रता निर्माण करणाऱ्या द्रव्य-ऊर्जेचा हिशेब. केर यांच्याकडे ही दुसरी बाजू कोरी आहे. दुर्बिणींना कृष्णविवराचा माग लागतो तो मात्र ती कोरी नसते म्हणूनच. क्ष-किरण देणारा तापलेला वायू, हजारो प्रकाशवर्षं लांबीचे झोत, २०१९ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलेलं एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातलं नारिंगी कडं, हे सगळं भोवतीच्या द्रव्याचं कर्तृत्व आहे.

१९६३ च्याच डिसेंबरात डॅलसच्या परिषदेत केर यांनी आपलं उत्तर दहा मिनिटांत सांगितलं, तेव्हा सभागृहातल्या खगोलशास्त्रज्ञांनी फारसं लक्ष दिलं नाही. ते जमले होते नव्यानेच ओळख पटलेल्या क्वेसारांवर बोलायला. क्वेसारांना ऊर्जा कुठून मिळते, या त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दहा मिनिटांत होतं. उरलेलं अर्धं, म्हणजे फिरत्या कृष्णविवराभोवती द्रव्य कसं वागतं आणि त्या द्रव्यामुळे कृष्णविवर कसं बदलतं, यावर साठ वर्षं काम चाललं आहे. त्यातला पहिला भाग भरभराटीला आला. दुसरा भाग गणितज्ञांच्या आणि संगणकांवर काम करणाऱ्या मोजक्या गटांच्या हाती राहिला, आणि माझ्या मते खरी वैचारिक गंमत तिथे आहे.

आधी एक अट नीट पाहू, कारण ती हमखास विसरली जाते. १९६७ ते १९७५ या काळात इस्रायल, कार्टर, हॉकिंग आणि रॉबिन्सन यांनी सिद्ध केलं की स्थिरावलेलं, विद्युतभार नसलेलं कृष्णविवर केर यांच्या उत्तराखेरीज दुसरं काही असू शकत नाही. वस्तुमान आणि कोनीय संवेग हे दोन आकडे सांगितले की त्याचं सगळं सांगून झालं. ‘कृष्णविवराला केस नसतात’ हे जॉन व्हीलर यांच्यामुळे प्रसिद्ध झालेलं विधान ते हेच. पण या सिद्धतेत भोवताल रिकामा धरलेला आहे. भोवती द्रव्याचं कडं ठेवलं, तर सिद्धतेचं पहिलंच गृहीतक गळून पडतं आणि क्षितिजाचा, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही त्या सीमेचा आकार, फिरण्याचा वेग, भोवतीचं अवकाश या सगळ्याला दोन आकडे पुरतीलच याची हमी उरत नाही.

तरीही खगोलशास्त्रज्ञ बिनदिक्कत केर यांचं उत्तर वापरतात, आणि त्यांचं चुकत नाही. एम-८७ मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे साडेसहा अब्ज पट आहे. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने ध्रुवीकरणाच्या निरीक्षणांवरून काढलेल्या अंदाजानुसार त्यात वर्षाला पडणारं द्रव्य सौरवस्तुमानाच्या ०.०००३ ते ०.००२ पट इतकंच आहे. एवढ्याशा वायूने त्या अवकाशाला वाकवावं ही अपेक्षाच व्यर्थ. म्हणून तडजोड अशी की द्रव्य आहे, ते तापतं, प्रकाशतं, चुंबकीय क्षेत्र वाहून नेतं, पण त्याला स्वतःचं गुरुत्व नाही असं समजायचं. केर यांचा मंच तयार आहे. वायूने त्यावर नाचायचं, मंच हलवायचा नाही.

या मंचाची रचनाच अशी आहे की त्यावर नाचणाऱ्याला फिरकीची दखल घ्यावीच लागते. फिरतं कृष्णविवर भोवतीचा अवकाश आपल्याबरोबर ओढतं. क्षितिजाबाहेरच्या एका पट्ट्यात ही ओढ इतकी जबरदस्त असते की तिथे कुणालाही स्थिर उभं राहता येत नाही. हा पट्टा म्हणजे एर्गोस्फिअर. ही स्थिर राहण्याची सीमा आणि क्षितिज फिरत्या कृष्णविवरात एकमेकांपासून वेगळे होतात, हे १९६८ मध्ये स्पष्टपणे मांडणाऱ्यांत कर्नाटकातून गेलेले सी. व्ही. विश्वेश्वरा हे तरुण संशोधक होते. खगोलशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याहून कामाची गोष्ट वेगळीच निघाली. कृष्णविवराभोवती वर्तुळाकार कक्षा कुठपर्यंत टिकतात? न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ही सीमा गुरुत्वीय त्रिज्येच्या ६ पटींवर आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाची गुरुत्वीय त्रिज्या सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे दहा सूर्यांच्या कृष्णविवरासाठी ही सीमा नव्वदेक किलोमीटरवर येते. कमाल वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत, फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या कक्षांसाठी ती १ पटीपर्यंत आत सरकते आणि उलट्या दिशेच्या कक्षांसाठी ९ पटींपर्यंत बाहेर जाते. वायू जितका आतपर्यंत टिकेल तितकी जास्त ऊर्जा बाहेर टाकून मग पडेल. न फिरणाऱ्या विवराजवळ द्रव्याच्या एकूण ऊर्जेपैकी ५.७ टक्के हाती लागते, कमाल फिरणाऱ्याजवळ ४२ टक्के. हायड्रोजनच्या अणुसंमीलनात हा आकडा ०.७ टक्के आहे. क्वेसारांचं कोडं इथेच बरंचसं सुटलं.

जेम्स बार्डीन यांनी १९७० मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. आतल्या सीमेवरून पडणारा वायू आपला कोनीय संवेग कृष्णविवराला देतो, म्हणजे खाता खाता कृष्णविवराची फिरकी वाढते. शून्य फिरकीपासून सुरुवात केली, तर वस्तुमान मूळच्या सुमारे २.४५ पट होईतो ते कमाल वेगाला पोहोचतं. किप थॉर्न यांनी १९७४ मध्ये यात एक व्यावहारिक खोड काढली: विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीतून निघालेला काही प्रकाशही विवरात पडतो, आणि उलट दिशेने जाणारे प्रकाशकण जास्त सहज गिळले जातात, म्हणून फिरकी कमाल १ ऐवजी ०.९९८ ला अडते. फरक क्षुल्लक दिसतो; पण ४२ टक्क्यांचा आकडा त्यामुळे सुमारे ३० वर येतो.

चकतीचं स्वतःचं भौतिकशास्त्र याहून कितीतरी ओबडधोबड पायावर उभं राहिलं. वायू आत सरकायचा तर त्याने कोनीय संवेग बाहेर कुणाला तरी द्यायला हवा. म्हणजे थरांमध्ये घर्षण हवं, आणि साध्या वायूतलं आण्विक घर्षण त्यासाठी फारच तोकडं. शाकुरा आणि सुन्याएव यांनी १९७३ मध्ये ही अडचण सोडवली नाही, बाजूला ठेवली. घर्षण कुठून येतं ते माहीत नसेना का, त्याचं प्रमाण दाबाच्या अल्फा पट आहे असं धरा आणि पुढे चला. भौतिकशास्त्रातल्या सर्वांत फलदायी पळवाटांमध्ये हिची गणना करायला हरकत नाही. त्याच सुमाराला नॉव्हिकोव्ह आणि थॉर्न यांनी हेच प्रारूप केर यांच्या अवकाशात बसवलं, आणि पातळ चकतीचं ते रूप आजही कृष्णविवरांची फिरकी मोजताना वापरलं जातं. अल्फामागचं कारण १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी पुढे आणलं. क्षीण चुंबकीय क्षेत्रसुद्धा अशा फिरत्या वायूला अस्थिर करून त्यात खळबळ माजवतं. या अस्थैर्याचं गणित वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये करून ठेवलं होतं. चकत्यांशी त्याची गाठ घालायला तीस वर्षं लागली. इतकं होऊनही हिशेब पुरता जुळलेला नाही. निरीक्षणांवरून अल्फा ०.१ ते ०.४ निघतो, आणि संगणकावरच्या अनेक प्रयोगांत तो दहापट कमी येतो.

फिरकीच्या आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावं लागतं. ती मोजायच्या दोन रूढ पद्धती आहेत. एकीत चकतीच्या एकूण उष्ण प्रकाशावरून आतली कड कुठे आहे ते काढतात. दुसरीत लोखंडाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा गुरुत्वाने किती ताणली गेली ते पाहतात. अशी ताणलेली रेषा जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाने १९९५ मध्ये एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेत दाखवली. दोन्ही पद्धतींत अवकाश केर यांचाच, चकती पातळच. तरी जीआरओ जे१६५५-४० या जोडताऱ्यातल्या कृष्णविवराची फिरकी एका पद्धतीने ०.६५ ते ०.७५ आणि दुसरीने ०.९ च्या वर अशी प्रसिद्ध झाली. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. दोष केर यांच्या उत्तराकडे जातो असं मला वाटत नाही. चकतीच्या आतल्या कडेजवळचा वायू पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागत नाही एवढंच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेलं लॅक्सपीसी हे उपकरण घेऊन २०१५ मध्ये गेलेला ‘ॲस्ट्रोसॅट’ आणि १ जानेवारी २०२४ ला उडालेला ‘एक्स्पोसॅट’ हे दोन्ही उपग्रह इतर कामांबरोबर याच वायूच्या क्ष-किरणांची नोंद घेण्यासाठी पाठवले गेले.

सगळ्या चकत्या पातळ नसतात. १९७८ मध्ये वॉर्साच्या गटाने, अब्रामोविच, यारोशिन्स्की आणि सिकोरा यांनी, दाबाने फुगलेल्या जाड कड्यांची उत्तरं काढली. ती ‘पोलिश डोनट’ म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्याकडे कुणी ‘मेदुवडे’ म्हटलं असतं. घर्षण नाही, प्रकाश नाही, नुसता दाब, केंद्रोत्सारी जोर आणि केर यांचं गुरुत्व यांचा समतोल. इतकी सोपी मांडणी असल्यामुळे आजही संगणकावरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रयोगाची सुरुवात अशाच एखाद्या कड्यापासून होते. पापालोइझू आणि प्रिंगल यांनी १९८४ मध्ये दाखवलं की ही कडी गोलाई बिघडवणाऱ्या लहरींपुढे टिकत नाहीत. तो धक्का होता, पण प्रयोगांचा आरंभबिंदू म्हणून त्यांची उपयुक्तता कमी झाली नाही. तिसरा प्रकार अगदी विरळ, अतितप्त वायूचा, जो ऊर्जा प्रकाशून टाकायच्या आत क्षितिजाआड जातो. रमेश नारायण आणि इन्सू यी यांनी १९९४ पासून तो विकसित केला. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं चाळीस लाख सूर्यांचं कृष्णविवर इतकं मंद का, याचं उत्तर या प्रारूपात सापडतं.

झोतांचा विषय निघाला की कृष्णविवराच्या फिरण्याची ऊर्जा उपसायचा प्रश्न येतो, आणि तिथे पुण्याचाही संबंध आहे. रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये सुचवलं होतं की एर्गोस्फिअरमध्ये एखाद्या कणाचे दोन तुकडे झाले, एक ऋण ऊर्जेच्या कक्षेतून आत पडला, तर दुसरा मुळापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येऊ शकतो. कमाल फिरणाऱ्या कृष्णविवराच्या वस्तुमानापैकी २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी तत्त्वतः काढता येते. पण बार्डीन, प्रेस आणि ट्यूकोल्स्की यांनी, तसंच वॉल्ड यांनी, लवकरच लक्षात आणून दिलं की त्यासाठी तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त सापेक्ष वेगाने वेगळे व्हावे लागतील. इतका जोराचा स्फोट निसर्गात कोण घडवणार? कल्पना सुंदर, पण निकामी, असं मानलं जाऊ लागलं. १९८५ मध्ये वाघ, धुरंधर आणि दधीच या त्रयीने दाखवलं की भोवती चुंबकीय क्षेत्र असेल आणि तुकडे विद्युतभारित असतील, तर ऋण ऊर्जा मिळवून द्यायचं काम क्षेत्रच करतं आणि वेगाची अट नाहीशी होते. संजीव धुरंधर आणि नरेश दधीच पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत तिच्या उभारणीच्या काळापासून होते. कृष्णविवर एकटं असताना अशक्यप्राय वाटणारी गोष्ट भोवतालामुळे शक्य होते, हा मुद्दा त्या शोधनिबंधात अगदी स्वच्छ दिसतो.

खगोलशास्त्रात मात्र बाजी मारली ती ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांच्या १९७७ च्या प्रारूपाने. त्यात वेगवेगळे कण नाहीत. क्षितिजातून जाणाऱ्या चुंबकीय रेषांना फिरणारं विवर पीळ देतं आणि तो पीळ ऊर्जा होऊन बाहेर वाहतो. शक्ती फिरकीच्या वर्गाच्या आणि चुंबकीय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. फिरकी केर पुरवतात. क्षेत्र आणून क्षितिजाशी दाबून धरायचं काम चकतीचं. २०११ मध्ये चेखोव्स्कॉय, नारायण आणि मॅकिनी यांच्या संगणकीय प्रयोगात चुंबकीय क्षेत्र इतकं साचलं की त्याने वायूची वाट अडवली, आणि बाहेर जाणारी ऊर्जा आत पडणाऱ्या द्रव्याच्या ऊर्जेच्या सुमारे १४० टक्के भरली. शंभराच्या वरचा आकडा पाहून दचकायचं कारण नाही. जास्तीची ऊर्जा कृष्णविवराच्या फिरण्यातून आली. पण सिद्धांत म्हणून लिहिलेली गोष्ट वायूच्या खळबळीतून आपोआप घडताना दिसली, म्हणून तो प्रयोग महत्त्वाचा.

२०१९ च्या छायाचित्रामागे हीच यंत्रणा होती. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने ४३ संगणकीय प्रयोगांतून साठ हजारांहून जास्त प्रतिमा बनवल्या आणि निरीक्षणाशी ताडून पाहिल्या. ४२ सूक्ष्म-आर्कसेकंदांचं कडं बहुतेक प्रारूपांत बसलं, कारण त्याचा व्यास मुख्यत्वे वस्तुमान ठरवतं. खरी चाळण झोताच्या शक्तीने लावली. फिरकी शून्य असलेली सगळी प्रारूपं बाद झाली, कारण त्यांना एवढा झोत सोडता येईना. २०२१ मध्ये ध्रुवीकरण तपासल्यावर साचलेल्या, बलवान क्षेत्राची प्रारूपं पुढे निघाली. शिवाय चकती विवराच्या विषुववृत्तातच असेल असं नाही. तिरक्या चकतीचा आतला भाग ओढीमुळे विवराच्या विषुववृत्तात बसतो, हे बार्डीन आणि पेटरसन यांनी १९७५ मध्ये पातळ चकतीसाठी दाखवलं होतं. जाड चकतीचा अख्खा आतला भागच भोवऱ्यासारखा डुलतो. एम-८७ च्या झोताची दिशा सुमारे ११ वर्षांच्या आवर्तनात डुलते असं २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याचा अर्थ असाच लावला गेला.

इथवर सगळीकडे द्रव्य बिनवजनी होतं. आता त्याला वजन देऊ.

कृष्णविवर फिरत नसेल, तर गोष्ट अनपेक्षितपणे सोपी आहे. हेर्मान वाइल यांनी १९१७ मध्ये दाखवलं की स्थिर, अक्षसममित अवकाशात मुख्य समीकरण तेच निघतं जे न्यूटनच्या गुरुत्वात असतं, आणि ते रेषीय आहे. म्हणजे विवराचं उत्तर आणि कड्याचं उत्तर यांची सरळ बेरीज करता येते. १९२२ मध्ये बाख आणि वाइल यांनी वलयाचा प्रश्न सोडवला. १९९४ मध्ये लेमोस आणि लेटेलिये यांनी न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती वजनदार पातळ चकत्यांची नेमकी उत्तरं दिली. कागदावर लिहिता येतील अशी. फिरकी आली की बेरीज बंद. द्रव्याचा कोनीय संवेग आणि विवराचा कोनीय संवेग एकमेकांना ओढू लागतात आणि समीकरण अरेषीय होतं. अर्न्स्ट यांनी १९६८ मध्ये त्याला फार देखणं रूप दिलं. त्यातून नवी उत्तरं उगवायच्या युक्त्याही निघाल्या, आणि येना इथल्या नॉयगेबाउअर आणि माइनेल यांनी त्याच वाटेने फिरत्या धुळीच्या चकतीचं, आत कृष्णविवर नसलेल्या, नेमकं उत्तर १९९० च्या दशकात मिळवलं. पण फिरतं विवर आणि त्याभोवती साध्या द्रव्याचं कडं अशा जोडीचं कागदावर लिहिता येईल असं समाधानकारक उत्तर आजही नाही.

मग उरतात दोन मार्ग. एक, संगणकावर आकड्यांत उत्तर काढायचं; दुसरा, थोडंसं वजन धरून विक्षोभाचा हिशेब करायचा. क्लिफर्ड विल यांनी १९७४ मध्ये सावकाश फिरणाऱ्या विवराभोवती हलकं वलय ठेवून तो केला. त्यात एक गोष्ट स्पष्ट होते जी पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज आहे. विवराचा स्वतःचा कोनीय संवेग शून्य ठेवला, तरी भोवती फिरणाऱ्या वलयाच्या ओढीने त्याचं क्षितिज फिरतं. मग ‘हे कृष्णविवर फिरतं का?’ या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? एकट्या विवराच्या बाबतीत कोनीय संवेग आणि क्षितिजाचा फिरण्याचा वेग एकमेकांना बांधलेले असतात. शेजार आला की ती गाठ सुटते.

वस्तुमानाचंही तेच. बार्डीन, कार्टर आणि हॉकिंग यांचा १९७३ चा ‘चार नियमां’चा निबंध आज उष्मागतिकीशी असलेल्या साम्यासाठी ओळखला जातो, पण त्यातलं सूत्र मुळातच भोवती द्रवाचं कडं असलेल्या विवरासाठी मांडलं आहे. एकूण वस्तुमानात विवराचा वाटा आणि द्रव्याचा वाटा वेगळा काढायची रीत, कोमार यांच्या व्याख्येवर आधारलेली, तिथे दिसते. ही रीत गणितात चोख आहे. भौतिक अर्थ मात्र तिच्याकडून फार अपेक्षू नये, हे अन्सोर्ग आणि पेट्रॉफ यांनी २००५ मध्ये अत्यंत अचूक संगणकीय उत्तरं काढून दाखवलं. त्यांनी विवराभोवती एकसमान घनतेची, वजनदार कडी ठेवली. क्षितिज दबलं, ताणलं गेलं. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की एका जोडीत विवराच्या कोनीय संवेगाचं त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाशी गुणोत्तर १ च्या वर गेलं. केर यांच्या जगात १ ही लक्ष्मणरेषा आहे. ती ओलांडली की क्षितिजच उरत नाही. इथे क्षितिज ठणठणीत होतं. पुढच्या वर्षी त्याच दोघांनी ज्याचं कोमार वस्तुमान ऋण येतं असं विवरही दाखवलं, अर्थात एकूण वस्तुमान धनच. विवराच्या वाट्याला किती वस्तुमान लिहायचं हे भोवतालाला वगळून ठरवता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग काहीच मर्यादा उरली नाही का? उरली, आणि माझ्या लेखी या विषयातला सर्वांत सुंदर निकाल तो हाच आहे. वस्तुमान बाजूला ठेवा, कारण तेच संदिग्ध आहे. क्षितिजाचं क्षेत्रफळ आणि विवराचा कोनीय संवेग या दोन गोष्टी जागच्या जागी, क्षितिजावरच मोजता येतात. हेनिग, अन्सोर्ग आणि सेडरबाउम यांनी २००८ मध्ये सिद्ध केलं की, नैसर्गिक एककांत, कोनीय संवेगाला आठ आणि पाय (π) यांनी गुणलं तर ते नेहमी क्षेत्रफळापेक्षा कमीच भरतं. भोवती द्रव्य कितीही असो, कसंही असो. स्थिर आणि अक्षसममित असलं म्हणजे झालं. बरोबरी होते ती फक्त टोकाच्या, शून्य तापमानाच्या विवरात. २०११ मध्ये डाइन आणि रायरिस यांनी ‘स्थिर’ ही अटसुद्धा काढून टाकली. म्हणजे १ ची लक्ष्मणरेषा केर यांच्या रिकाम्या विश्वापुरती होती, पण तिच्यामागे एक खोल रेषा होती जी वेढ्यातही पुसली जात नाही. इतकी वर्षं आपण चुकीच्या भागाकाराकडे पाहत होतो, असंही म्हणता येईल.

आता प्रश्न काळात पुढे जाण्याचा: जोडी तशीच राहते की मोडते? अब्रामोविच, काल्वानी आणि नोबिली यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक भीती मांडली होती. कडं आतल्या टोकाशी थोडं सांडतं, विवर जड होतं, सांडायची सीमा बाहेर सरकते, आणखी द्रव्य सांडतं, आणि काही फेऱ्यांत सगळं कडं स्वाहा. हे खरं असेल, तर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीनंतर उरलेल्या कड्यातून गॅमा किरणांचा स्फोट चालवायला वेळच मिळणार नाही. फाँट आणि देन्य यांनी २००२ मध्ये दाखवलं की कोनीय संवेग बाहेरच्या बाजूला थोडा जरी वाढत असेल, तरी हे पळतं अस्थैर्य आवरतं. २०१० मध्ये मोंतेरो, फाँट आणि शिबाता यांनी कड्याचं गुरुत्व पूर्ण धरून प्रयोग केला, तेव्हा ते दिसलं नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाला काही खास मांडण्यांत ते दिसलं. प्रश्न पुरता मिटला असं म्हणवत नाही, पण निसर्गात घडणाऱ्या कड्यांना त्याची भीती फार नसावी. ऑगस्ट २०१७ मधल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत सुमारे ०.०५ सौरवस्तुमान बाहेर फेकलं गेलं. त्यातलं बरंचसं अशाच कड्यातून वाऱ्यासारखं सुटलं असावं असा अर्थ लावला जातो. द्रव्याचं वजन विसरून चालत नाही अशी ही एक जागा आकाशात नक्की माहीत आहे.

आता वायूखेरीजच्या द्रव्याबद्दल थोडक्यात. भोवतीचं द्रव्य वायूच असलं पाहिजे असं नाही. ते क्षेत्र असू शकतं. एर्गोस्फिअर काही लहरींना वर्धित करून परत पाठवतं. कणांना वस्तुमान असलेलं हलकं क्षेत्र अशा लहरींना बांधून ठेवतं आणि विवराभोवती त्याचा ढग वाढत जातो. एर्देइरो आणि राडू यांनी २०१४ मध्ये दाखवलं की फिरत्या विवराभोवती असं क्षेत्र कायमचं तरंगत राहू शकतं. ‘केस’ असलेलं विवर, तेही नेमक्या समीकरणांतून. हे काम मला मोलाचं वाटतं. त्याच्या शेजारी एक दुसरी परंपरा फोफावली आहे जिच्याबद्दल मात्र मी साशंक आहे: आधी मेट्रिक, म्हणजे अवकाश-काळाच्या मोजमापाचं सूत्र, लिहायचं, मग त्याला शोभेल असं द्रव्य समीकरणातून वाचून काढायचं, आणि त्याला एखादं आकर्षक नाव द्यायचं. किसेलेव्ह यांनी २००३ मध्ये ‘क्विंटेसन्सने’, म्हणजे कृष्णऊर्जेच्या एका कल्पित रूपाने, ‘वेढलेलं’ विवर मांडलं, न्यूमन आणि जॅनिस यांची १९६५ ची युक्ती वापरून त्याला फिरवलं गेलं, आणि त्यावर शेकडो निबंध निघाले. २०२० मध्ये मॅट व्हिसर यांनी एका निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकलं की ते द्रव्य ना परिपूर्ण द्रव आहे ना क्विंटेसन्स. तरी ओघ थांबलेला नाही. उलट टोकाला, द्रव्य काय आहे हे आधी प्रामाणिकपणे सांगून मग मेट्रिक शोधायची वाट आपल्याकडे जुनी आहे. बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं उत्तर मिळवलं. वैद्य आणि पटेल यांनी १९७३ मध्ये फिरत्या, प्रकाश फेकणाऱ्या गोलासाठी केर यांचं उत्तर वाढवलं, आणि १९७७ मध्ये वैद्य यांनीच ते विश्वाच्या पार्श्वभूमीवर बसवलं.

द्रव्याचं वजन मोजायची संधी येणार ती गुरुत्वीय लहरींतून. कार्टर यांनी १९६८ मध्ये शोधलेल्या एका अनपेक्षित स्थिरांकामुळे केर यांच्या अवकाशातल्या कक्षा शिस्तबद्ध असतात. भोवती वजनदार चकती किंवा वलय आलं की ती शिस्त मोडते आणि काही कक्षा केऑसकडे झुकतात, हे सेमेराक आणि सुकोवा यांनी २०१० पासून न फिरणाऱ्या विवरासाठी सविस्तर दाखवलं आहे. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘लिसा’ ही मोहीम २०३५ च्या सुमाराला उडेल. प्रचंड विवराभोवती छोटं विवर लाखो सूर्यांच्या त्या खड्ड्यात हळूहळू घुसताना हजारो फेरे मारेल, आणि त्या फेऱ्यांची लय लिसा ऐकेल. वायू त्या छोट्या विवराला अडवेल किंवा ढकलेल, आणि आतापर्यंतच्या हिशेबांवरून हा परिणाम चकतीच्या निव्वळ वजनापेक्षा मोठा असेल असं दिसतं. वजनाचा परिणाम वेगळा ओळखता येईल का? बाराउसे, रेझोला, पेट्रॉफ आणि अन्सोर्ग यांनी २००७ मध्ये वर सांगितलेल्याच संगणकीय उत्तरांवर हा प्रश्न तपासला. कडं असलेल्या विवराभोवतीच्या कक्षांचे संकेत त्यांनी काढले आणि कडं नसलेल्या केर विवराच्या संकेतांशी ताडून पाहिले. केर विवराचं वस्तुमान आणि फिरकी थोडी बदलून घेतली, की बराच काळ दोन्ही संकेत वेगळे ओळखूच येईनात.